दुसरी बाजू: काकांच्या ट्रंकेतल्या रेकॉर्ड्स, प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार, फोंडा (गोवा)

ट्रंक शेवटी माळ्यावरून खाली आली. थोरल्या काकांची, पत्र्याची, हिरवी, कडी गंजून अशी बसलेली की स्क्रू ड्रायव्हर घालून उघडावी लागली आणि उघडल्या उघडल्या जो वास आला तो बुरशी, डांबरगोळ्या आणि काकांची तपकीर असा मिळून होता. मोजल्या. ७१ रेकॉर्ड्स. त्यातल्या ७ इंची, ४५ स्पीडच्या (म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्या) ५२, मोठ्या एलपी ८, आणि ११ जुन्या लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या, ७८ वाल्या.

प्रकल्प काय ते इथे लिहून ठेवतो म्हणजे नंतर भरकटणार नाही. सगळ्याचं डिजिटायझेशन मी करणार नाहीये. फक्त दुसऱ्या बाजू करणार. पहिल्या बाजूची गाणी यूट्यूबवर दहा दहा वेळा चढलेली आहेत, रेडिओवर वाजून वाजून गुळगुळीत झालेली आहेत, त्यांना माझी काय गरज. मागच्या बाजूचं गाणं मात्र त्या तबकडीबरोबर जन्मलं आणि बऱ्याचदा तिच्याबरोबरच माळ्यावर गेलं.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी संपवायचं. चवथीला मूळ घरी सगळे जमतात, तिथे आत्याला ऐकवायचं, ती काकांची सख्खी धाकटी बहीण आणि आता तीच एक उरलीय त्या पिढीतली.

१० जून

पहिला गाढवपणा नोंदवतो. साफसफाईसाठी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं, आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणलं, मऊ फडकी आणली, सगळं शास्त्रशुद्ध. तीनास एक मिश्रण केलं, व्हायनिलवर मस्त चाललं, बुरशीचे पांढरे ठिपके निघाले, मी खूश. त्याच खुशीत पुढची तबकडी उचलली आणि पुसली तर फडकं काळं! मला वाटलं केवढी घाण बसलीय म्हणून अजून घासलं.

ती ७८ वाली होती. लाखेची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे मला माहीत नव्हतं असंही नाही, आमच्याच घरी सुतार लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजत घालून दाराला पॉलिश मारायचा ते मी लहानपणी बसून बघितलंय. फडक्याला लागलं ते गाणं होतं. कडेच्या काही खाचा गेल्या, म्हणजे सुरुवातीचे काही सेकंद. नशीब कुठल्या तरी बँडची होती, गायकी नव्हती (हे म्हणणं बँडवर अन्याय आहे, पण मनात आलं खरं).

७८ वाल्या अकराही बाजूला ठेवल्या. त्यांना फक्त पाणी आणि साबणाचा एक थेंब, तेही सुई आल्यावर. एलपीची सुई त्यांना चालत नाही, ७८ ची खाच तिप्पट रुंद असते, बारीक सुई तळाशी जाऊन नुसता कचरा वाचत बसते.

१५ जून, रविवार

आज एकही फाइल केली नाही, नुसत्या रेकॉर्ड्स खिडकीशी नेऊन तिरक्या धरून बघत बसलो आणि हा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला दिवस गेला.

झालं असं, की दुसरी बाजू दुर्लक्षित होती हे मी गृहीत धरलं होतं. पण घरातल्या रेकॉर्डवर ते चक्क दिसतं. दोन खुणा आहेत. एक, खाचांचा रंग. जुन्या पोर्टेबल प्लेयरची सुई वजनदार, त्यात बोथट झाली तरी बदलायचं नाव नाही, त्यामुळे खूप वाजलेली बाजू काळी चकचकीत न राहता राखाडी होते, उन्हात धरली की लगेच कळतं. दुसरी खूण लेबलवर. मधल्या भोकात टर्नटेबलचा खिळा बसवताना माणूस नेम धरत नाही, अंदाजाने ठेवतो आणि सरकवतो, मग लेबलवर भोकाभोवती बारीक रेघा उमटतात. जितक्या वेळा लावली तितक्या रेघा. म्हणजे प्रत्येक बाजूची हजेरीच लागलीय हो तिथे.

५२ तपासल्या. बहुतेकांची पहिली बाजू राखाडी आणि रेघोट्यांनी भरलेली, दुसरी काळीभोर. म्हणजे काकांनी ज्यावर प्रेम केलं ते त्यांनीच खरवडून टाकलं आणि जे आवडलं नाही ते मला कोरं करकरीत मिळालं. आता आपल्या ईपीबद्दल. परदेशी सिंगल म्हणजे एका बाजूला एक गाणं, मागे दुसरं, विषय संपला. आपल्याकडे एचएमव्हीच्या बहुतेक ४५ म्हणजे ईपी, एका बाजूला दोन, एकूण चार गाणी. त्यामुळे आपल्याकडची खरी बी साइड कोणती, तर माझ्या मते दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं. त्याची दैना दुहेरी. एक तर तिथवर कोणी पोचत नाही, आणि दुसरं म्हणजे ते लेबलच्या अगदी जवळ असतं. तबकडी फिरते तेवढ्याच फेऱ्यांनी पण आतलं वर्तुळ लहान, म्हणजे एका सेकंदात सुईखालून जाणारी खाच कमी लांबीची. ७ इंचीवर बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ४० सेंटीमीटर जातात, आत लेबलशी २५ च्या आसपास. तेवढ्याच आवाजाला कमी जागा, त्यामुळे 'स' 'श' फाटतात, व्हायोलिन कर्कश होतात. चांगलं गाणं तिथे टाकणं म्हणजे पंगतीत चांगल्या पाहुण्याला मोरीशेजारी बसवणं. कंपनीवाले टाकायचेच पण. सिनेमाची तीन गाणी चालण्यासारखी, चौथं भरतीचं, ते शेवटी. कधी कधी तर चौथं त्या सिनेमाचंही नसायचं, भलत्याच कुठल्या सिनेमाचं आणून चिकटवलेलं.

२४ जून, मंगळवार

साओ जांव, सेंट जॉनचा सण. काम नाही. शेजारची पोरं डोक्यावर कोपेल (पानाफुलांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारतायत आणि मी आत हेडफोन घालून बसलो तर बाहेर काढतील, तेव्हा गेलो.

रात्री आल्यावर कोंकणी ईपी काढल्या, चार आहेत. साळगांवची गायिका लॉर्ना आणि मडगांवचे संगीतकार क्रिस पेरी ह्यांच्या दोन. इथे माझी थिअरी साफ झोपली, चारींच्या दोन्ही बाजू सारख्याच राखाडी, शेवटची गाणीसुद्धा. कोंकणी रेकॉर्ड निघायच्याच कमी, तेव्हा जी यायची ती पुरवून पुरवून ऐकायचे असं असणार. त्यात क्रिस पेरींच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन असे काही वाजतात की लेबलजवळ येऊन फाटले तरी फाटलेले सुद्धा चांगले लागतात. आमच्या घरात नाटक मराठी, पोथी मराठी, लिहिणं मराठी, आणि भांडण, रेकॉर्ड आणि मासळी कोंकणी.

ह्या चार प्रकल्पात घेत नाही. दुर्लक्षित नाहीत.

२९ जून, रविवार

परदेशी सिंगल्स सहाच. शेजारचे तारवटी, म्हणजे खलाशी, बोटीवरून यायचे ते काकांसाठी एखादी घेऊन यायचे, बदल्यात काका त्यांना गणपतीच्या नेवऱ्या आणि जत्रेचं खाजं द्यायचे, असा तो व्यापार. सहातल्या दोघींचं मधलं भोक मोठं, ज्यूकबॉक्सवालं, ३८ मिलीमीटरचं. आपला खिळा जेमतेम ७ मिलीमीटर. मधली चकती हरवलेली. मी बिस्किटांच्या बरणीचं प्लॅस्टिकचं झाकण कापून चकती केली आणि लावली तर गाणं असं डोलायला लागलं जसं काही गायिका होडीत उभी आहे. भोक केसभर जरी केंद्रातून सरकलं तरी सूर वरखाली होतो. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याला सांगितलंय, तो प्रिंटरवर काढून देतो म्हणाला, बघू.

पण आजची बातमी ती नाही. उरलेल्या चारांत एक बीटल्सची आहे, 'लेडी मॅडोना', मार्च १९६८. तिच्या मागे 'द इनर लाइट'. बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनने रचलेलं, बीटल्सच्या सिंगलवर आलेलं पहिलं गाणं, आणि आलं ते मागच्या बाजूला. आणि हे गाणं, म्हणजे त्यातली वाद्यं, रेकॉर्ड झालीयत मुंबईत! जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन एका सिनेमाच्या संगीतासाठी मुंबईला आला होता, फोर्टमध्ये एचएमव्हीचा स्टुडिओ होता तिथे काम चाललं होतं, त्यातच १२ जानेवारीला हेही उरकलं. सरोद, शहनाई, पखवाज, हार्मोनियम, आणि बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. गिटार नाही, ड्रम नाही. लंडनला परत जाऊन फेब्रुवारीत वरून आवाज चढवला, शब्द ताओ ते चिंग ह्या चिनी ग्रंथावरून घेतलेले. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बँडच्या सिंगलची मागची बाजू, आणि तिच्यात बीटल्सच्या हातचं एकही वाद्य नाही.

काका तेव्हा मुंबईत गिरगावात खोलीवर राहत होते. फोर्टला नोकरी. म्हणजे त्या दिवशी ते त्या स्टुडिओच्या आसपासच कुठेतरी डबा खात असणार आणि त्यांना पत्ता नाही, आणि तीच तबकडी मग बोटीतून फिरून फिरून फोंड्याला त्यांच्याकडे आली. लेबल बघितलं. पुढच्या बाजूला रेघाच रेघा. मागच्या बाजूला दोन. दोन! काका, काय तुम्ही.

वाजवली. तो स्टुडिओ काही पूर्ण साउंडप्रूफ नव्हता, रस्त्यावरचा आवाज आत यायचा असं वाचलेलं, म्हणून कानावर हेडफोन दाबून फोर्टातला एखादा हॉर्न सापडतो का बघत बसलो. चार वेळा ऐकली. हॉर्न नाही सापडला. एका ठिकाणी सर्र असं काहीतरी आलं म्हणून उडालो तर ते आमच्याच कौलांवरून पन्हळीत पडणारं पाणी.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपास, साबुदाणा, पाऊस. घरात बसून जरा वाचन केलं की मागची बाजू नावाची भानगड मुळात होती कशाला.

पैशाची गोष्ट मजेशीर आहे. रेकॉर्ड एकच विकली जाते, पण गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी दोन्ही बाजूंना सारखी. म्हणजे पुढच्या बाजूचं गाणं गाजलं की मागच्या बाजूवाला बसल्या जागी तेवढंच कमावणार, त्याचं गाणं कोणी ऐको न ऐको. त्यामुळे मागची बाजू आपल्याच माणसाला मिळावी म्हणून तिकडे चांगल्याच मारामाऱ्या. फिल स्पेक्टर हा अमेरिकन निर्माता तर मागे मुद्दाम काहीतरी फालतू वाजवलेलं टाकायचा, कशाला, तर रेडिओवाल्याने चुकूनसुद्धा उलटी बाजू लावू नये. किती पोचलेला माणूस.

आणि तरी उलटी बाजू लागायचीच. 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ मध्ये मागच्या बाजूला होतं. 'ग्रीन अनियन्स' १९६२ मध्ये मागच्या बाजूला. ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' १९७८ चं, तेही मागच्या बाजूला, पुढे होतं 'सब्स्टिट्यूट' नावाचं गाणं जे आता कोणाला म्हणून दाखवता येईल का सांगा. क्वीनचं 'वी विल रॉक यू' १९७७, मागची बाजू. क्रिकेटच्या मॅचला टाळ्या-पाय आपटणाऱ्या पब्लिकला कुठे माहीत.

पण खरं सांगू, ही जिंकलेली गाणी मला फार लागत नाहीत. ती मागच्या बाजूची राहिली कुठे, ती पुढेच गेली. मला आवडतात ती मागेच राहिलेली, जसं 'पेपरबॅक रायटर'च्या पाठचं 'रेन', १९६६. त्यात वाद्यं आधी जलद वाजवून टेप हळू केलीय म्हणून ड्रम असे जड, ओले येतात आणि शेवटी आवाज उलटा फिरवलाय. पुढच्या बाजूला हे असलं करायची परवानगी कोण देणार? मागे कोणी बघत नाही म्हणून माणूस वाट्टेल ते करून बघतो. काकांकडे ही नाहीये, फोनवर ऐकली, बाहेर बदाबदा कोसळत असताना. बरोबर हवा.

१३ जुलै

लाइट नाही. सकाळपासून. इन्व्हर्टर टर्नटेबलला लावला तर हेडफोनमध्ये भुणभुण. बंद करून ठेवलं.

२० जुलै, रविवार

३८ बाजू झाल्या. ९६ किलोहर्ट्झ २४ बिट घेतोय, मिनिटाला साधारण ३५ एमबी, एक बाजू २०० एमबीच्या वर जाते. ऑडॅसिटी ह्या सॉफ्टवेअरमध्ये टिकटिक एक एक करून हाताने काढतो, ऑटोमॅटिक लावलं की ते तबल्याच्या चाटीसुद्धा टिकटिक समजून खातं. पावसाळ्याचा एक फायदा मात्र कळला, हवा दमट असल्यामुळे स्टॅटिक नाही, हिवाळ्यात करतात त्यांना तो चटचट आवाज फार होतो म्हणे. ही हवा बुरशी देते एका हाताने, स्टॅटिक नेते दुसऱ्या हाताने.

आज एक विचित्र सापडली. एचएमव्हीची ईपी, हिंदी सिनेमाची, कव्हर नाही, लेबल झुरळांनी खाल्लेलं, 7EPE एवढी अक्षरं शिल्लक. पुढची बाजू अगदी कोरी. काळी कुळकुळीत, आरसा. मागची बाजू वाजलेली. सगळ्या ट्रंकेत उलटा प्रकार असलेली ही एकच! पण तेवढंच नाही. मागची बाजू सगळी राखाडी नाहीये. उन्हात धरली तर दुसऱ्या गाण्याच्या मधोमध एक बारीक पांढुरकं कडं दिसतं, जेमतेम एक मिलीमीटर रुंद, आणि त्याच्या अलीकडे पलीकडे खाचा बऱ्यापैकी चांगल्या. म्हणजे कोणीतरी सुई उचलून तेवढ्याच जागी ठेवत होतं, परत परत, शेकडो वेळा.

आणि लेबलवर डिंकाने चिकटवलेली कागदाची चिठ्ठी, काकांच्या अक्षरात: 'अंक २ प्रवेश ३'.

वाजवून बघितलं. साधंच गाणं आहे, जोडगाणं, सिनेमा मला ओळखू येत नाही, आवाज ओळखीचे. मधला तो तुकडा म्हणजे दोन कडव्यांमधलं संगीत, वीसेक सेकंद, आधी क्लॅरिनेट, मग व्हायोलिनचा ताफा वर चढतो आणि एकदम तुटतो. आता तो इतका झिजलाय की क्लॅरिनेट भजी तळल्यासारखा येतो. पण ऐकताना मला सारखं वाटत होतं की हे मी कुठेतरी ऐकलंय, हे गाणं नाही, फक्त हा तुकडा. तीनदा चाल गुणगुणून बघितली. आठवत नाही. तबकडीच्या आतल्या कडेला कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे साच्याचा क्रमांक, उतरवून ठेवला.

३ ऑगस्ट

७८ ची सुई आली. अकरातल्या दोन फुटलेल्या, एक मी मारलेली, राहिल्या आठ.

हा प्रकार ऐकण्यात वेगळाच आहे. एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं, त्यात अख्खा राग बसवायचा. पुढे ख्याल आणि मागे ठुमरी किंवा भजन अशी जोडी बऱ्याचदा, नाहीतर एकच पद दोन्ही बाजूंना, भाग १ नि भाग २, म्हणजे ऐन भरात आलं की उठा, उलटवा, किल्ली द्या. ह्यात मागची बाजू दुर्लक्षित राहायला वावच नाही. एक नाट्यपदाची आहे तिचा भाग २ च जास्त झिजलाय, ताना तिथे आहेत ना सगळ्या.

केसरबाई केरकर आमच्याच तालुक्यातल्या, केरीच्या. त्यांची भैरवी 'जात कहाँ हो' १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण ती त्या तबकडीवर कुठे आहे हे मी आज पाहिलं: संगीताच्या तुकड्यांत शेवटून तिसरी. म्हणजे दुसऱ्या बाजूला, लेबलकडे. परग्रहावरच्या माणसाने पुढची बाजू ऐकून तबकडी परत पाकिटात घातली म्हणजे संपलं! निदान त्यांनी तरी उलटवावी.

१६ ऑगस्ट

यादी पक्की केली. एकूण १४ तुकडे, ४७ मिनिटं. 'इनर लाइट' ठेवलं, आत्याला काही कळो न कळो. एका भावगीतांच्या ईपीचं शेवटचं गाणं ठेवलंय ज्याच्यात पेटी जरा पुढे पळते आणि तबलजी तिला सांभाळून घेतो, असं पुढच्या बाजूला पास झालं नसतं. भाच्याने चकती दिली, बसली चपखल, होडीतली बाई जमिनीवर आली.

झुरळांनी खाल्लेली घ्यावी की नको ह्यावर दोन दिवस घातले. आवाज खराब आहे. घेतली. सगळ्यात शेवटी टाकली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दीड दिवसाचा आमचा, काल विसर्जन झालं. आज थकवा, पण लिहितो, नाहीतर विसरेन.

परवा रात्री आरती, घुमट-आरत्या सगळं उरकल्यावर चौकात स्पीकर लावला. पोरं पाच मिनिटांत पसार. चुलत भाऊ पत्त्यांना बसले. आत्या खुर्चीवर, डोळे मिटून, मला वाटलं झोपली. इनर लाइटला म्हणाली, "शहनाई बरी, पण माणूस रडता कित्याक?" बाकी काही नाही. तेरा तुकडे असेच गेले. एकदोनदा मीच वैतागून मनात म्हटलं, कोणी ऐकत नाही म्हणून तर ह्या मागच्या बाजू.

चौदावा लागला. गाणं सुरू झालं, काही नाही. मग तो तुकडा आला, तळल्यासारखा क्लॅरिनेट, आणि आत्याने डोळे न उघडता हात वर केला आणि म्हणाली, "आता खलनायक येतो."

मी म्हटलं काय? तर पत्ते टाकून थोरला चुलतभाऊ हसायला लागला, त्यालाही आठवलं, आणि मग मलाही, एकदम, सगळं. जत्रेतलं नाटक! देवळापुढच्या मांडवात पहाटेपर्यंत चालायचं ते ऐतिहासिक मराठी नाटक, दर वर्षी आमच्याच वाड्याचं, पेटीवर थोरले काका. दुसऱ्या अंकात पडद्यामागून खलनायक यायचा तेव्हा हीच चाल पेटीवर आणि क्लॅरिनेटवर, आणि आम्ही पोरं पुढच्या रांगेत चादरीत तोंड घालायचो. भीती वाटायची त्या चालीची. हिंदी जोडगाण्याच्या मधल्या तुकड्याची!

आत्या म्हणाली काका मुंबईहून सुट्टीवर यायचे तेव्हा गावच्या क्लॅरिनेटवाल्याला बसवून सुई त्याच जागी ठेवून ठेवून तो तुकडा बसवून घेतला, आठ दिवस, आजी ओरडायची की एवढं एकच काय लावून ठेवलंय. मी विचारलं, हीच रेकॉर्ड कशाला? तर म्हणे पुढच्या बाजूचं गाणं सगळ्या गोव्याला पाठ होतं, ते चोरलं असतं तर मांडवातली माणसं शिट्ट्या मारती. हे पाठचं शेवटचं, कोणाला माहीत नव्हतं. पडेल सिनेमा. "बिनधास्त चोरलंन."

आता माझी एक शंका, पुरावा काही नाही. त्या काळात मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्रात अरेंजर आणि वाजवणारे किती तरी गोंयकार होते, सेबॅस्टियन डिसूझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, लांबलचक रांग आहे. चाल संगीतकाराची, पण कडव्यांमधलं हे असलं संगीत पुष्कळदा अरेंजरच लिहायचे आणि त्यांचं नाव लेबलवर नसायचं. म्हणजे तो क्लॅरिनेटही गोव्यातल्याच कोणा सासष्टीकराने कागदावर उतरवलेला असू शकतो, आणि काकांनी तो परत आणून फोंड्यातल्या मांडवात खलनायकाला दिला.

७ सप्टेंबर

मॅट्रिक्स नंबरवरून सिनेमा सापडला. नाव वहीत लिहिलंय. फाइलला मात्र ते दिलं नाही, फाइलचं नाव ठेवलं 'अंक २ प्रवेश ३'. टिकटिक काढलेली नाही.

पुढची बाजू अजून ऐकलेली नाही, ती सगळ्या गोव्याला पाठ असलेली. अजून आरशासारखी आहे. सुई ठेवायला हात होत नाही. चिठ्ठीचा डिंक सुटायला लागलाय, फेविकॉलने परत चिकटवली.